स्मोकर नसताना घरी धुराचं पुल्ड पोर्क : पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

पुल्ड पोर्क म्हणजे डुकराच्या खांद्याचं मांस तासन्‌तास मंद आचेवर शिजवून, बोटांनी ओढलं की रेषा-रेषा सुटेल इतकं मऊ करायचं आणि त्याला लाकडाच्या धुराची चव द्यायची. अमेरिकेच्या दक्षिणेकडची राज्यं, त्यातही नॉर्थ आणि साउथ कॅरोलायना, यासाठी ओळखली जातात. तिथे हे काम खड्ड्यात किंवा मोठ्या स्मोकरमध्ये रात्रभर चालतं. त्यामुळे बहुतेक जण स्मोकर नाही म्हटल्यावर हा बेतच सोडून देतात. मीही दोन वर्षं सोडला होता.

मग एक गोष्ट लक्षात आली आणि वाट मोकळी झाली. स्मोकर एकाच वेळी दोन वेगळी कामं करतो : धूर देतो आणि मंद, एकसारखी आच देतो. ही दोन कामं एकाच यंत्रात व्हायला हवीत असं काही नाही. धूर सुरुवातीचे एक-दोन तास कुठेतरी द्या आणि उरलेलं शिजवणं ओव्हनवर सोपवा. खालचं सगळं याच एका कल्पनेवर उभं आहे.

आधी हे जमवून ठेवा

मांस : खांदा, हाडासकट, साधारण २.५ किलो. शिजून निघाल्यावर वजन बरंच घटतं, हातात दीड किलोच्या आसपास येतं. आठ-दहा जणांना पुरतं.

मसाला : मीठ, ब्राउन शुगर, स्मोक्ड पाप्रिका, काळी मिरी, लसूण पावडर, मोहरीची पूड, हवं तर थोडं तिखट. शिवाय साधी मस्टर्ड पेस्ट आणि सायडर व्हिनेगर.

साधनं : ओव्हन, खोलगट ट्रे, त्यात बसेल अशी जाळी, जाड ॲल्युमिनियम फॉइल, जाड रबरी हातमोजे आणि मांसात खुपसायचा थर्मामीटर. बाकी कशावाचूनही निभावून नेता येईल, थर्मामीटरवाचून नाही. बाहेर ठेवलेल्या छोट्या पडद्यावर आतलं तापमान दाखवणारा, वायरवाला थर्मामीटर मिळाला तर उत्तम, कारण ओव्हनचं दार सारखं उघडावं लागत नाही.

धुरासाठी : पायरी ३ वाचा आणि तुमच्याकडे काय आहे त्याप्रमाणे ठरवा.

वेळ : आदल्या रात्री अर्धा तास आणि दुसरा पूर्ण दिवस. रात्री आठला जेवायचं असेल तर सकाळी सात-साडेसातला सुरुवात करा.

१. मांस नीट निवडा

खांद्याचे दोन भाग विकले जातात. वरच्या भागाला बॉस्टन बट म्हणतात (नावात बट असलं तरी तो मागचा भाग नव्हे, खांद्याचाच), खालच्याला पिकनिक. पहिल्यांदा करताना बॉस्टन बट घ्या. त्यात चरबी मांसाच्या आत धाग्यांसारखी पसरलेली असते आणि आकारही ठोकळ्यासारखा असल्यामुळे सगळीकडे सारखं शिजतं.

पाठीचं मांस, म्हणजे लॉइन, घेऊ नका. दिसायला ते जास्त स्वच्छ आणि कमी चरबीचं असतं आणि तिथेच नवीन माणूस फसतो. खांद्यात कोलॅजेन, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, भरपूर असतं. तेच मंद आचेवर वितळून जिलेटिन होतं आणि मांसाला तो ओलसर, किंचित चिकट मऊपणा देतं. लॉइनमध्ये वितळायला फारसं काही नसतं, त्यामुळे आठ तास शिजवल्यावर हातात कोरडा भुगा येतो.

मांस गोठवलेलं असेल तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्या, आणि एवढ्या मोठ्या तुकड्याला त्यासाठी दीड ते दोन दिवस द्या. ओट्यावर उघडं ठेवून वितळवू नका. आतला भाग बर्फ असतो तेव्हा बाहेरचा भाग जंतू वाढतील एवढा गरम झालेला असतो.

एक सल्ला माझ्या अनुभवातला : स्मोकर नसेल तर तुकडा अखंड ठेवण्याचा हट्ट धरू नका. हाडाच्या कडेने कापून दोन भाग केले तर धूर लागायला आणि खरपूस थर धरायला जास्त पृष्ठभाग मिळतो, शिवाय दोन-एक तास वाचतात.

२. आदल्या रात्री मीठ-मसाला

मिठाचं प्रमाण वजनावर ठरवा : मांसाच्या दीड टक्का. २.५ किलोला ३५ ते ४० ग्रॅम. मीठ चमच्याने मोजू नका, कारण जाड मीठ आणि बारीक मीठ यांच्या एका चमच्याच्या वजनात खूप फरक पडतो.

वरची चरबीची जाड साय एकदीड सेंटिमीटर असेल तर ती अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत तासून काढा. ती चरबी मांसात मुरते असं बरेच जण सांगतात. मुरत नाही, वितळून ट्रेमध्ये जाते आणि जाताना वरचा मसालाही धुऊन नेते.

मीठ सगळीकडून चोळा. मग मस्टर्ड पेस्टचा अगदी पातळ हात फिरवा. तिची चव शेवटी लागत नाही, ती फक्त मसाला धरून ठेवते. त्यावर हे मिश्रण : तीन मोठे चमचे ब्राउन शुगर, दोन मोठे चमचे स्मोक्ड पाप्रिका, एक मोठा चमचा भरड मिरी, एक मोठा चमचा लसूण पावडर, एक लहान चमचा मोहरीची पूड. मसाला थापटून बसवा, रगडू नका. मग न झाकता फ्रीजमध्ये ठेवा, आणि जाळीवर ठेवा म्हणजे खालून पाणी साचणार नाही.

३. धूर : इथे घाई नको, आणि हावही नको

आधी थोडं समजून घेऊ, कारण सगळ्या चुका इथेच होतात.

लाकूड जळण्याआधी तापून विघटित होतं आणि त्यातून धूर निघतो. लाकडातल्या लिग्निनपासून ग्वायाकोल आणि सिरिंगोल नावाची संयुगं तयार होतात. आपण ज्याला धुराची चव आणि धुराचा वास म्हणतो तो मुख्यतः त्यांचा असतो. ही संयुगं थंड आणि ओलसर पृष्ठभागावर जास्त चांगली चिकटतात. म्हणून मांस थेट फ्रीजमधून काढून धुरात ठेवायचं, आधी बाहेर ठेवून कोमट करायचं नाही. सुरुवातीचे दोन तास मोलाचे आहेत ते यामुळेच. वरचा थर कोरडा आणि गरम झाला की धूर पूर्वीसारखा बसत नाही, आणि तोवर आपल्याला हवं ते मिळालेलंही असतं.

दुसरी गोष्ट धुराच्या रंगाची. दाट पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर दिसला की काम जोरात चाललंय असं वाटतं, पण तो अर्धवट, गुदमरलेल्या जळणाचा धूर आहे आणि मांसाला कडवट करतो. हवा असतो तो पातळ, निळसर, उन्हात धरला तरच दिसणारा धूर.

लाकूड सफरचंद, चेरी, हिकरी किंवा ओकचं घ्या. पाइनसारखं राळेचं लाकूड, प्लायवूड, रंग किंवा पॉलिश लावलेला तुकडा कधीही जाळू नका. लाकडाच्या चिप्स, म्हणजे छोट्या कपच्या, पाण्यात भिजवायची गरज नाही. पाणी लाकडात फारसं शिरतच नाही, आणि वरचं उडून जाईपर्यंत तुम्हाला मिळते ती नुसती वाफ.

आता मार्ग. चवीच्या दृष्टीने माझा क्रम हाच आहे.

क) झाकणाचं कोळशाचं ग्रिल

केटल ग्रिल असेल तर तुम्ही जवळपास स्मोकरचेच मालक आहात. ग्रिलच्या कडेने अर्ध्या वर्तुळात ब्रिकेट्सच्या (कोळशाच्या भुकटीच्या दाबून केलेल्या वड्यांच्या) दोन ओळी शेजारी-शेजारी लावा आणि त्यांच्यावर तिसरी ओळ. त्यावर अंतराअंतराने लाकडाचे तीन-चार मुठीएवढे ठोकळे ठेवा. एका टोकाला आठ-दहा पेटलेल्या ब्रिकेट्स टेकवा. वात जळत जावी तशी ही रांग टोकापासून हळूहळू पेटत जाते. रिकाम्या बाजूला खाली पाण्याचा ट्रे, वर जाळीवर मांस.

झाकण असं बसवा की वरचं छिद्र मांसाच्या डोक्यावर येईल, म्हणजे धूर मांसावरूनच बाहेर पडेल. वरचं छिद्र उघडं ठेवा आणि आच खालच्या छिद्राने सांभाळा. ११० ते १३० अंश सेल्सिअस पुरे. पहिला पांढरा धूर विरेपर्यंत थांबा, मगच मांस ठेवा. दोन ते तीन तास झाकण उघडू नका. बघायचा मोह होतो, पण दर वेळी आच आणि धूर दोन्ही जातात.

गॅसवरचं ग्रिल असेल तर चिप्सची फॉइलमध्ये पुडी बांधा, वर चार-पाच भोकं पाडा आणि एका पेटलेल्या बर्नरवर ठेवा. मांस न पेटलेल्या बाजूला. एक पुडी वीस-तीस मिनिटं टिकते, म्हणून चार-पाच आधीच बांधून ठेवा.

ख) शेगडीवर, बंद भांड्यात

बाहेर जागा नसेल तर हे. जाड बुडाचं, रुंद, घट्ट झाकणाचं लोखंडी किंवा स्टीलचं भांडं घ्या. नॉनस्टिक चालणार नाही, कारण कोरडं तापल्यावर त्याचा थर खराब होतो आणि त्यातून घातक वाफा निघतात. आत फॉइलचे दोन थर, त्यावर मधोमध दोन-तीन मोठे चमचे बारीक चिप्स, त्यांच्यावर रस झेलायला फॉइलचा सैल तुकडा, मग जाळी आणि जाळीवर मांस. इथे तुकडे करणं भागच पडतं, आणि तुकड्यांत आणि झाकणात थोडी जागा राहू द्या.

मध्यम-मोठी आच. पहिली धुराची रेघ दिसली की झाकण लावा, कडेने फॉइल दाबून फट बंद करा आणि आच मंद करा. तीस-चाळीस मिनिटं. एक्झॉस्ट पंखा चालू आणि खिडक्या उघड्या असू द्या. आच बंद केल्यावर दहा मिनिटं थांबा आणि झाकण शक्य तर गॅलरीत नेऊन उघडा. धुराचा अलार्म वाजेल म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवू नका.

ग) धूर न करता धुराची चव

बाटलीतला लिक्विड स्मोक म्हणजे काही तरी रासायनिक बनावट, असं मीही समजत होते. प्रत्यक्षात खऱ्या लाकडाचा धूर थंड करून पाण्यात धरलेला असतो. घेताना लेबल वाचा : पाणी आणि धूर, एवढंच असावं. रंग, साखर, मोलॅसिस असेल तर ठेवून द्या.

प्रमाणाबाबत मात्र माझं ऐका. पहिल्या वेळी मी दोन मोठे चमचे घातले, आणि आठ तासांनी जे निघालं त्याला विझवलेल्या चुलीतल्या राखेचा वास होता. एवढं मांस टाकून द्यावं लागलं. २.५ किलोला एक लहान चमचा, तोही मस्टर्ड पेस्टमध्ये कालवून. शेवटी कमी वाटलं तर सॉसमध्ये थेंब-थेंब वाढवता येतं. जास्त झालेलं मात्र काढता येत नाही.

त्याला जोड द्या. स्पेनमधल्या ला व्हेरा भागातली पाप्रिका खरोखर ओकच्या धुरावर दिवसच्या दिवस वाळवलेली असते, त्यामुळे साध्या पाप्रिकाऐवजी तीच मसाल्यात घ्या. लॅपसँग सूचाँग हा चीनच्या फुजियान प्रांतातला, पाइनच्या धुरावर वाळवलेला चहा. त्याचा एक लहान चमचा पूड करून मसाल्यात मिसळला तर चवीला खोली येते. लिक्विड स्मोक एकटा वापरला की चव एकसुरी लागते. या तिन्हींतून थोडं-थोडं घेतलं की ती कुठून आली ते सांगता येत नाही.

एक गोष्ट कोणत्याही परिस्थितीत करू नका : कोळशाचं ग्रिल घरात, गॅरेजमध्ये किंवा बंद केलेल्या गॅलरीत पेटवू नका. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि तो जीव घेतो. खिडकी उघडी आहे हे कारण पुरेसं नाही.

४. ओव्हनमध्ये

ओव्हन १३० अंशांवर तापवा. ट्रेमध्ये जाळी, जाळीवर मांस, ट्रेच्या तळाला एक पेला पाणी. थर्मामीटरची सुई सर्वांत जाड भागात, पण हाडाला न टेकवता. हाडाजवळचं तापमान वेगळं असतं आणि आकडा फसवतो.

पहिले काही तास झाकायचं नाही. वरचा मसाला, साखर आणि मांसाचा रस यांचा काळपट-तांबूस, खरपूस थर याच वेळात धरतो. अमेरिकेत त्याला बार्क म्हणतात, म्हणजे झाडाची साल. स्मोकरवाले ज्याचं कौतुक करतात त्यातला मोठा वाटा या थराचा आहे, आणि तो ओव्हनमध्येही छान येतो.

ओव्हनमध्ये एकच गोष्ट मिळत नाही : कापल्यावर कडेला दिसणारी गुलाबी रेघ. धुरातले वायू मांसातल्या मायोग्लोबिनशी, म्हणजे मांसाला लाल रंग देणाऱ्या प्रथिनाशी, जुळून ती तयार होते. तिला चव नसते. ती नाही म्हणून हिरमुसू नका.

५. तापमान अडेल, तेव्हा हात लावू नका

आतलं तापमान भराभर चढतं, आणि मग ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान कुठेतरी थांबतं. तास जातो, दोन तास जातात, काटा हलत नाही. कधी एक अंश खालीही येतो. ओव्हन बिघडला असं वाटून पहिल्या वेळी मी आच १८० वर नेली, आणि वरची साखर जळून कोळसा झाली.

बिघडलेलं काही नसतं. मांसातलं पाणी वर येऊन उडत असतं आणि घाम जसा अंगाला गार करतो तसं ते मांसाला गार करत असतं. ओव्हन जितकी उष्णता देतो तितकी बाष्पीभवनात जाते. पाणी संपत आलं की आकडा आपोआप पुढे सरकतो.

दोन पर्याय आहेत. वेळ असेल तर नुसते थांबा, खरपूस थर जास्त जाड मिळेल. वेळ नसेल तर थराचा रंग मनासारखा झाल्यावर मांस दोन मोठे चमचे सायडर व्हिनेगर शिंपडून फॉइलच्या दोन थरांत घट्ट गुंडाळा आणि परत ठेवा. वाफेला जागाच नसल्यामुळे तापमान पुन्हा चढू लागतं. थर थोडा मऊ पडतो, पण मी पाहुणे येणार असतील तर नेहमी गुंडाळते. उशिरा जेवण्यापेक्षा ते बरं.

६. झालं हे कसं ओळखायचं

सुरक्षित होणं आणि सुटं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेचा कृषी विभाग अखंड तुकड्यासाठी ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विश्रांती सांगतो. तेवढ्यावर ते खाण्याजोगं होतं, पण खांद्याचं मांस त्या वेळी रबरासारखं असतं. ८२ अंशांवर मी एकदा घाई करून काढलं होतं. काट्यांनी ओढता ओढता मनगटं दुखली, शेवटी सुरीने कापून वाढलं.

९३ ते ९६ अंश हे लक्ष्य ठेवा. आणि आकड्यापेक्षाही हाताचा विश्वास धरा : थर्मामीटरची सुई दोन-तीन ठिकाणी खुपसून पाहा. मऊ लोण्यात जावी तशी, कुठेही न अडता गेली पाहिजे. हाड धरून हलवा. ते सैल होऊन डुगडुगतं आणि थोडं पिरगळलं की एकही रेषा न चिकटता, स्वच्छ बाहेर येतं. तसं आलं की झालं.

एकूण वेळ धुरासकट आठ ते दहा तास धरा, तुकडे केले असतील तर सहा-सात. प्रत्येक खांदा वेगळा असतो, घड्याळाकडे बघून काढू नका.

७. विश्रांती

फॉइलमध्येच, कमीत कमी एक तास. लगेच ओढलं तर वाफेबरोबर रसही निघून जातो. जेवायला वेळ असेल तर गुंडाळलेलं मांस जुन्या टॉवेलात बांधून, बर्फ न घालता, आइसबॉक्समध्ये ठेवा. तीन-चार तास मजेत गरम राहतं. ६० अंशांखाली जाऊ देऊ नका. म्हणून बेत करताना जेवणाच्या दोन तास आधी तयार होईल असाच करा. लवकर झालं तर अडचण नसते, उशीर झाला तर असते.

८. ओढणं

ट्रेमधला आणि फॉइलमधला रस उंच भांड्यात ओता. दहा मिनिटांत चरबी वर येईल, ती चमच्याने काढा. खालचा तपकिरी रस फेकू नका, त्यात धुराची आणि मसाल्याची सगळी चव उतरलेली असते.

हातमोजे घालून मांस मोठ्या तुकड्यांत फोडा. आत राहिलेली पांढरी, न वितळलेली चरबी आणि राखाडी गाठी काढून टाका. मग बोटांनी रेषा सोडवा, बोटाएवढ्या जाडीच्या ठेवा. फार बारीक केलं की लगदा होतो आणि लवकर सुकतं. बाहेरचा काळा थर मात्र बारीक चिरून सगळीकडे मिसळा, कारण धूर जवळजवळ सगळा त्याच थरात असतो. हे केलं नाही तर एकाच्या ताटात धूर जातो आणि दुसऱ्याच्या ताटात नुसतं शिजलेलं मांस. शेवटी गाळलेला रस थोडा-थोडा घालत हलक्या हाताने कालवा आणि मीठ चाखा.

९. सॉस

बाटलीतला गोड, घट्ट सॉस ओतला की दिवसभराची मेहनत त्याखाली गाडली जाते, असं माझं स्पष्ट मत आहे. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात नुसतं व्हिनेगर, मीठ आणि लाल मिरची असते. पश्चिमेकडे लेक्सिंग्टनच्या बाजूला त्यात थोडं टोमॅटो केचप पडतं. साउथ कॅरोलायनात मोहरीचा पिवळा सॉस प्रसिद्ध आहे. चरबीच्या मांसाला आंबटच शोभतं.

एक कप सायडर व्हिनेगर, एक मोठा चमचा ब्राउन शुगर, एक लहान चमचा मीठ, एक लहान चमचा मिरचीचे फ्लेक्स, अर्धा लहान चमचा मिरी. बाटलीत घालून हलवा, आदल्या रात्रीच करून ठेवा. मांसावर दोन-तीन मोठे चमचे शिंपडा, बाकी टेबलावर ठेवा. मऊ बनमध्ये, वर बारीक चिरलेल्या कोबीचं कोलस्लॉ.

१०. उरलेलं

दोन तासांच्या आत, उथळ डब्यांत, रसासकट फ्रीजमध्ये. तीन-चार दिवस चांगलं राहतं, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने. सकाळी डबा उघडल्यावर रस थरथरत्या जेलीसारखा झालेला दिसेल. खांद्यातलं कोलॅजेन नीट वितळलं होतं याची ती खूण आहे, ती काढून टाकू नका. गरम करताना जेलीसकट मांस झाकणाच्या कढईत मंद आचेवर ठेवा आणि चमचाभर व्हिनेगर घाला. कडक कडा आवडत असतील तर शेवटची दोन मिनिटं झाकण काढून आच वाढवा आणि ढवळू नका.